जयपूरची रजई : उबेचा व्यवहार

पौष महिन्यातले जयपूर सकाळी उशिरा जागे होते. हवामहालाचे तोंड पूर्वेला असल्याने पहिले ऊन त्याच्या ९५३ खिडक्यांवर पडते. पण समोरच्या पदपथावरचे चहावाले त्यानंतरही बराच वेळ कानटोपी काढीत नाहीत. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेले हे नगर नऊ चौकड्यांच्या आखणीवर उभे आहे. सरळ रस्ते, काटकोनात मिळणारे चौक आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना एका ओळीत बांधलेली दुकाने ही त्याची मूळ रचना होय. नगर आखतानाच ज्या राजाने बाजाराची जागा आखली, त्याच्या राजधानीत व्यापारी घराण्यातील माणसाला आपलेपणा वाटावा, यात नवल नाही. २०१९ साली तटबंदीच्या आतील या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथील दुकानदार मात्र त्या वारशात रोज सकाळी शटर उघडून बसतो आणि रात्री गल्ला मोजून घरी जातो.

जैन वाचकाला हे शहर परके नाही. पंडित टोडरमलजींची ही कर्मभूमी. जवळच सांगानेरचे प्राचीन दिगंबर जैन मंदिर, थोड्या अंतरावर पदमपुरा आणि पुढे श्रीमहावीरजी. महाराष्ट्रातून निघणाऱ्या यात्रांच्या गाड्या या क्षेत्रांचे दर्शन आटोपून जयपुरात थांबतात आणि यात्रेकरूंना बाजारासाठी अर्धा दिवस मोकळा मिळतो. त्या अर्ध्या दिवसात लाखेच्या बांगड्या होतात, सांगानेरी कापड होते आणि परतीच्या वाटेवर गाडीतील निम्म्या बाकांखाली रजईची एकेक पिशवी सरकवलेली दिसते.

सांगली भागातील असेच एक कुटुंब एका दुपारी जौहरी बाजारालगतच्या गल्लीतील रजईच्या दुकानात शिरले. सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाचा हळदीच्या आडतीचा व्यवसाय. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे असल्याने पाचच्या आत धर्मशाळेत परतायचे होते. हाती जेमतेम तासभर वेळ होता. दुकानात पांढरी गादी अंथरलेली, भिंतीच्या फळ्यांवर घड्या घातलेल्या रजयांची चळत लावलेली. वडील दुकानदार गल्ल्याजवळ बसले होते आणि त्यांचा पंचविशीतला मुलगा माल दाखवत होता.

त्या मुलाने पाहुणे बसताक्षणीच आपला ठरलेला खेळ सुरू केला. एक रजई उचलली, तिची घडी घालीत घालीत लहानशा कापडी पिशवीत कोंबली आणि पिशवी आजींच्या हाती दिली. "शंभर ग्रॅमची रजई आहे, माताजी. हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात गार." आजींनी पिशवी तळहातावर तोलली. त्यांचा चेहरा उजळला. "हीच घेऊ या गं," त्या सुनेला म्हणाल्या. "त्यांच्या छातीवर आता वजन सोसत नाही."

तेवढे मराठी वडील दुकानदारांना समजले असावे. त्यांनी चष्मा काढून विचारले, "कोणासाठी हवी आहे, माताजी?"

रजईच्या चांगल्या दुकानाची ओळख या एका प्रश्नाने पटते. ग्राहक दुकानात येतो तो रंग आणि किंमत विचारीत. पण त्याला खरे हवे असते ते पांघरणाऱ्या माणसाचे सुख. नव्या सुनेला रुखवतात द्यायची रजई वेगळी, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची वेगळी, तान्ह्या बाळाची वेगळी आणि दुखणाईत माणसाची तर सर्वांहून वेगळी. आजींचे पती दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळले होते. जन्मभर ते जुन्या लुगड्यांची तीन किलोंची वाकळ पांघरून झोपले. आता ती वाकळ अंगावर घातली की त्यांना धाप लागे आणि काढली की पहाटे थंडी वाजे. सासू-सुनांनी मिळून शिवलेली ती वाकळ बाजूला ठेवताना आजींना वाईट वाटले होते. म्हणून तिच्या जागी येणारी वस्तू तेवढ्याच भरवशाची असावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मुलाने हे सारे हिंदीत सांगितले. दुकानदार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग ही शंभर ग्रॅमची नेऊ नका. यांना थंडी वाजेल."

दुकानदाराच्या मुलाचा हात फळीवरच राहिला.

वडिलांनी दुकानातला काटा पुढे ओढला आणि ती पिशवी त्यावर ठेवली. काटा अर्ध्या किलोच्याही थोडा पुढे गेला. हळदीच्या व्यापाऱ्याची नजर काट्यावरून हलेना. दुकानदारांनी हिशेब समजावून सांगितला. एकेरी रजई साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब. म्हणजे साडेतीन चौरस मीटर. वरचे आणि खालचे मिळून सात चौरस मीटर कापड लागते. मलमलीसारखे हलके कापड चौरस मीटरला साठ ग्रॅम धरले, तरी नुसते कापडच सव्वाचारशे ग्रॅमच्या घरात जाते. तेव्हा शंभर ग्रॅमची रजई असू शकत नाही. शंभर ग्रॅम कापसाची असू शकते. आणि शंभर ग्रॅम कापूस साडेतीन चौरस मीटरवर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरला तीस ग्रॅमही येत नाही. अंगातल्या शर्टाचे कापड याच्या तिपटीहून जड असते. मुंबईच्या पावसाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत ही रजई सुखाची वाटेल. पण पहाटेच्या थंडीत अंथरुणावर पडून असलेल्या वृद्धाला ती पुरणार नाही. दुहेरी रजईची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. नव्वद इंच रुंद आणि एकशे आठ इंच लांब रजईचे क्षेत्रफळ एकेरीच्या पावणेदोन पटींहून अधिक भरते. म्हणजे पाव किलो कापसाची एकेरी रजई आणि पाव किलो कापसाची दुहेरी रजई यांची ऊब एकसारखी असणे शक्य नाही. चिठ्ठीवर मात्र दोन्हींवर 'पाव किलो' एवढेच लिहिलेले असते.

जयपुरी रजईचा लौकिक खोटा नाही; तो नीट समजून घ्यावा लागतो. ऊब वजनातून येत नाही, ती अडकलेल्या हवेतून येते. स्थिर हवेतून उष्णता सहज वाहून जात नाही. कापूस पिंजून पिंजून मोकळा केला, त्यातील सरकीचे कण व कचरा काढून टाकला, म्हणजे त्याच्या तंतूंमध्ये हवा धरून राहते. तो कापूस अस्तरावर सारखा पसरायचा, वर कापड घालून बारीक काठीने हलके हलके झोडून सर्वत्र सम करायचा आणि मग हाताने टाके घालायचे, ही तेथील पद्धत. टाके फार दूर पडले तर कापूस सरकून गोळा होतो आणि मधे नुसते कापड उरते. ते फार जवळ आले तर कापूस दबतो आणि हवा निघून जाते. यंत्राची शिलाई पक्की असते, पण ती रजई चपटी करते. हाताचा टाका थोडा सैल असल्याने कापसाला फुगायला जागा देतो. जुन्या वाकळीत कापडाचे थर घट्ट बसलेले असतात. तीन किलोंच्या वाकळीचे काम अर्धा किलो कापूस करू शकतो, त्याचे कारण हेच.

वडिलांनी अर्धा किलो कापसाची एकेरी रजई काढली. काट्यावर ती साडेनऊशे ग्रॅम भरली. आजींनी ती मांडीवर घेतली, दोन्ही पंजे तिच्या खाली-वर ठेवले आणि डोळे मिटून काही वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी विचारले, "आत कापूसच आहे कशावरून?"

मुलाने संकोचत प्रश्न हिंदीत सांगितला. दुकानदारांना त्यात अपमान वाटला नाही.

हळदीच्या व्यापाऱ्याला तर तो प्रश्न आपल्याच पेढीवरचा वाटला असावा. हळदीचे पोते उघडता येते. मूठभर माल काढून मोडून पाहता येतो, वास घेता येतो, रंग बोटावर घासून पाहता येतो. धान्य, कापड, सोने या सर्वांची परीक्षा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होते. रजई हा मात्र चहूबाजूंनी शिवून बंद केलेला माल आहे. ग्राहकाला दिसते ते कापड आणि तो पैसे देतो ते बहुतांशी आतल्या न दिसणाऱ्या वस्तूचे. आत नवा कापूस आहे, की शिलाईतील कतरण पिंजून भरली आहे, की पॉलिएस्टरचा तंतू आहे, हे वरून कळत नाही. पॉलिएस्टर ही काही वाईट वस्तू नव्हे. ते स्वस्त असते, लवकर वाळते, धुतल्यावर गोळा होत नाही. ज्याला तेच हवे त्याने ते अवश्य घ्यावे. दोष फक्त त्याला कापूस म्हणून विकण्यात आहे.

दुकानदारांनी गादीखालून एक रजई काढली. तिचा एक कोपरा मुद्दाम न शिवता ठेवला होता. त्यातून कापसाचा एक पुंजका काढून त्यांनी तो पितळी थाळीत ठेवला. शेजारी पॉलिएस्टरचा पुंजका ठेवला आणि दोन्हींना काडी लावली. कापूस कागदासारखा जळाला आणि त्याची राख बोटाने चुरडली गेली. पॉलिएस्टर वितळून आकसले आणि त्याचा कडक मणी झाला. मग त्यांनी आजींच्या मांडीवरच्या रजईच्या कडेची गोट दोन बोटे उसवली. "यातूनही काढा," ते म्हणाले. "नंतर मी टाका घालून देतो." आजींनी स्वतःच्या हाताने पुंजका काढला. तोही राख झाला.

सुनेचे लक्ष एव्हाना छापाकडे गेले होते. सांगानेरच्या छापात बहुधा पांढऱ्या किंवा फिकट भूमीवर नाजूक फुले आणि बुट्ट्या येतात. बगरूच्या छापाची भूमी मातकट. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग व तुरटीच्या योगाने धरणारा लाल रंग, आणि कधी चिखल, चुना व डिंक यांचा 'दाबू' लावून राखलेल्या मोकळ्या जागा. दोन्ही ठिकाणी लाकडी ठसा हाताने उमटवतात. त्यामुळे एक ठसा दुसऱ्याला मिळतो तेथे केसभर फरक राहतो आणि कोठे रंग गडद, कोठे फिका पडतो. जाळीच्या साच्यातून केलेल्या छापाईत सर्व फुले तंतोतंत सारखी येतात. ग्राहकाला दोन्ही छाप आवडू शकतात. मात्र हातछापाची किंमत मोजली असेल, तर हातछापच मिळाला पाहिजे. सुनेने निळ्या बुट्ट्यांची रजई निवडली. दुकानदारांच्या मुलाने ती उलटी करून जोडाची रेघ तिला दाखवली आणि आपण होऊन सांगितले, "वरचे कापड हातछापाचे आहे, अस्तर मात्र साच्याचे." वडिलांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत.

जैन ग्राहकाची आणखी एक चौकशी असते. रेशमाच्या धाग्यामागे कोशातील असंख्य जीवांची हिंसा असते आणि पिसांच्या दुलईमागे पक्ष्यांची. म्हणून अनेक घरांत या वस्तू येत नाहीत. चमकदार कापड दिसले की 'यात रेशीम तर नाही ना,' असे विचारले जाते. दुकानदाराने त्यावर हसू नये आणि ग्राहकाला बरे वाटावे म्हणून अंदाजाने 'नाही'ही म्हणू नये. ठाऊक असेल ते सांगावे, ठाऊक नसेल तेव्हा दुसरी वस्तू दाखवावी. शिवाय निगा कशी राखायची हेही ग्राहकाला हवे असते. पातळ रजई गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावी. जाड रजई पाण्यात बुडवू नये, तिला कपड्याची खोळ घालावी आणि खोळ धुवावी. महिन्या-दोन महिन्यांनी ती उलटी करून उन्हात टाकावी, म्हणजे दबलेला कापूस पुन्हा फुगतो आणि छापाचा रंगही उडत नाही. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे जो देतो, त्याची रजई दहा वर्षे टिकते आणि तितकी वर्षे त्याचे नाव त्या घरात निघते.

मग सर्वच दुकानदार असे का वागत नाहीत? रजईच्या धंद्याचे गणित अवघड आहे, हे त्याचे एक उत्तर. विक्रीचा जोर दिवाळीपासून माघापर्यंतचा, चार महिन्यांचा. त्यासाठी कापूस आणि कापड महिनोन्महिने आधी घ्यावे लागते. छापलेले कापड वाळायला ऊन लागते, त्यामुळे पावसाळ्यात छापाई रेंगाळते. घरोघरी बसून टाके घालणाऱ्या बायांची मजुरी माल विकण्यापूर्वीच द्यावी लागते. भांडवल वर्षभर अडकते, व्याज वर्षभर चालू राहते आणि पैसा फिरतो चार महिन्यांत. अशा वेळी दारात येणारा निम्मा ग्राहक दूरचा प्रवासी असतो. तो पुन्हा येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. घरी गेल्यावर रजईत गोळे झाले, तरी सांगलीहून कोणी तक्रार घेऊन जयपूरला येत नाही. जो ग्राहक परत येऊ शकत नाही त्याच्याशी सचोटीने वागण्यात वरकरणी काहीच लाभ नसतो. पेढीची खरी कसोटी तेथेच लागते.

आपल्या आचार्यांनी हा प्रसंग फार पूर्वी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे दोन थेट दुकानाच्या गादीवरचे आहेत. हीनाधिकमानोन्मान म्हणजे देण्या-घेण्याची मापे कमी-अधिक ठेवणे आणि प्रतिरूपकव्यवहार म्हणजे अस्सल मालाच्या जागी त्यासारखा दिसणारा माल खपवणे. चोरी म्हटले की कुलूप फोडणारा डोळ्यांपुढे येतो. पण सूत्रकारांनी काटा आणि भेसळ यांनाही त्याच व्रताखाली मोजले. 'शंभर ग्रॅमची रजई' या तीन शब्दांत पहिला दोष आणि कापूस म्हणून भरलेल्या दुसऱ्या तंतूत दुसरा दोष किती सहज लपू शकतो, हे त्या दुपारी काट्याने आणि काडीने दाखवून दिले. ग्राहकाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, ही सबब बंद मालाच्या बाबतीत चालत नाही. कारण काय विचारावे हेच ग्राहकाला ठाऊक नसते.

घड्याळात साडेचार झाले होते. भावाची घासाघीस झाली नाही. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली होती. शंभर ग्रॅम कापसाच्या रजईवरचा छाप भारी असल्याने तिची किंमत या रजईपेक्षा अधिक होती, म्हणजे त्या विक्रीत दुकानदारांना कमीच मिळाले. त्यांनी उसवलेली गोट स्वतः बसून टाके घालून बंद केली आणि बिल लिहायला घेतले. मुलाने विनंती केल्यावरून त्यांनी त्यावर तपशीलही घातला : एकेरी, साठ बाय नव्वद, वरचे कापड हातछापाचे, अस्तर साच्याचे, आत कापूस अर्धा किलो, एकूण वजन साडेनऊशे ग्रॅम. खाली सही केली. हळदीच्या व्यापाऱ्याने ते बिल दोनदा वाचले आणि घडी करून पाकिटात ठेवले.

"कापूस दबला तर पुढे काय करायचे?" आजींनी उठता उठता विचारले.

"टाके उसवून पुन्हा पिंजून घ्यायचा, माताजी. तुमच्या गावात पिंजारी असेल ना?"

"पूर्वी दारावर यायचा," आजी म्हणाल्या. "आता येत नाही. पण बघू, शोधू कुठेतरी."

धर्मशाळेकडे जाणाऱ्या रिक्षात सुनेने पिशवी पायाशी ठेवायला मागितली. आजींनी ती दिली नाही, मांडीवरच धरली. मावळतीचे ऊन जौहरी बाजाराच्या भिंतींवर पसरले होते आणि हवेत पुन्हा गारवा भरू लागला होता.

इकडे दुकानात गिऱ्हाईक नव्हते. वडील गल्ला लावीत होते. मुलाने फळीवरच्या पातळ रजया एकेक करून खाली काढल्या, काट्यावर ठेवल्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या सोडवून नव्याने लिहायला घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर आता दोन आकडे होते. एक कापसाचा आणि दुसरा रजईच्या एकूण वजनाचा.